हिंगण्याला धाडलेली बातमी

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही आमची रीत. कागदावर लिहायचं नाही असं मात्र मला कोणी कधी सांगितलं नाही, म्हणून इथे मी वामनराव असंच लिहिणार आहे. माझं नाव रुख्मिणी. लिहायला-वाचायला मी त्यांच्याच दुकानात शिकले, आणि तेही पुड्यांच्या कागदांवर.

सक्करदऱ्याला तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं किराण्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. शहरातल्या सदर भागातल्या वकिलांच्या घरून जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी यायची. कधी दोन महिन्यांची, कधी दोन वर्षांची. वामनराव तिचे चौकोन फाडायचे आणि त्यांत जिरं, हळद, गूळ बांधायचे. चौकोनावर एखादा मथळा आला की त्यांचा हात थांबायचा. खालची बातमी फाटून दुसऱ्याच कोणाच्या घरी गेलेली असायची. मग ते मथळा मोठ्यानं वाचायचे, पुडी तशीच हातात धरायचे आणि गिऱ्हाइकाकडे पाहायचे. गिऱ्हाईक विचारायचंच, "मंग पुढं काय झालं, वामनराव?"

पुढचं वामनराव सांगायचे.

'कमिशनरसाहेब दौऱ्यावर.' साहेब येणार म्हणून वाटेवरची सगळी गावं झाडून-सारवून लख्ख झाली. साहेबाला घाण म्हणून कुठे दिसेना, आणि रिपोर्टात लिहायला तर काही पाहिजे. बिचारा काळजीनं वाळत चालला. शेवटी एका पाटलाला दया आली. त्यानं आसपासच्या गावांचा केर बैलबंड्यांत भरून मागवला, आपल्या चावडीपुढे ओतला, आणि साहेबानं तिथे खुर्ची टाकून पानंच्या पानं लिहिली. केर परत न्यायला मात्र कोणी आलं नाही. तो अजून तिथेच आहे.

'सदरमध्ये विजेचे दिवे लागणार.' चोर तिथून उठून इतवारीत राहायला गेले. सदरच्या शिपायाला काम उरलं नाही. त्यानं वरती अर्ज केला की मलाही इतवारीत धाडावं, आमचं इतक्या वर्षांचं जाणं-येणं आहे.

हे सांगताना तोंडावर हसू म्हणून नाही. सुतक कळवावं तशा आवाजात सांगायचे. गिऱ्हाईक पोट धरून बसायचं आणि हे शांतपणे पुडीला दोरा गुंडाळायचे. मला हा प्रकार आवडत नसे, स्पष्ट सांगते. पावशेर डाळीसाठी आलेला माणूस दुपारपर्यंत हलत नसे, आणि आत माझी चूल यांच्या हाकेसाठी थांबलेली. पण माणूस वाईट नव्हता. जिभेला हाड नव्हतं, एवढंच.

त्या जिभेनंच घात केला. एकदा पुडीवर मथळा आला, 'हिंगण्याजवळ बिबट्या. शेतकरी थोडक्यात बचावला.' हिंगणा म्हणजे यांच्या धाकट्या बहिणीचं, प्रयागबाईचं सासर. तिचा नवरा रूपराव. शेतीभातीचा भला माणूस, पण बांधावरून भावकीशी त्याची कोर्टात केस चालली होती, आणि भेटेल त्याला तो ती पहिल्या तारखेपासून सांगायचा. दुकानात चार माणसं बसली होती. वामनराव म्हणाले, हा शेतकरी म्हणजे आमचे जवाईच. बिबट्याला पाहून ते बाभळीवर चढले. बिबट्या खाली बसून राहिला. आता करायचं काय, म्हणून रूपरावांनी त्याला केस सांगायला घेतली. नकाशा सांगितला, साक्षीदार सांगितले. दुसऱ्या तारखेपर्यंत बिबट्यानं ऐकलं, तिसरीला जांभया द्यायला लागला, आणि वकिलाचं भाषण सुरू झालं तेव्हा उठून आपणहून जंगलात निघून गेला.

ही गोष्ट लवकरच हिंगण्याच्या बाजारात पोचली. लोक रूपरावला विचारायला लागले, "काय गा, बिबट्यानं काय निकाल देला?" भर कचेरीत त्याच्या वकिलानंही विचारलं म्हणतात. त्या दिवशी घरी येऊन रूपरावनं शपथ घेतली की या घरची बाई पुन्हा त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही.

वामनराव माफी मागायला गेले होते. रूपराव भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. तो त्याचा हक्कच होता. पण प्रयागबाई आतून बाहेर आलीच नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा शेजारणीच्या हाती पाठवला.  त्यानंतर दर भाऊबीजेला सकाळीच अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ते बसून राहायचे, पाट भिंतीला टेकून ठेवलेला. दिवस कलला की मी पाट उचलून आत न्यायचे. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग एका वर्षी, दसरा नुकताच होऊन गेला होता, अंगणात पोत्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. वामनराव वाकून त्या हलवत होते. एक कावळा आला, त्यांच्या डोक्यावर बसला, टोपीवर चोच मारली आणि उडाला. मी उंबऱ्यात उभी होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हातातलं सूप खाली पडलं.

ज्यांच्याकडे ही समजूत नाही त्यांना सांगते. कावळा डोक्यावर बसला तर ते मरणाचं बोलावणं. त्यावर उपाय एकच. त्या माणसाच्या रक्ताच्या नातेवाइकाला तो मेल्याची खोटी बातमी धाडायची. ते माणूस रडलं, की आलेलं मरण त्या आसवांवर भागतं. मग खरं काय ते सांगून टाकायचं. बातमी खोटी चालते. रडणं मात्र खरं पाहिजे.

आई-वडील कधीच गेलेले. मूलबाळ आम्हाला झालं नाही. रक्ताचं म्हणजे एकटी प्रयागबाई.

"हिंगण्याले नको," वामनराव म्हणाले.

"काहून नको? दुसरं कोण आहे तुमचं?"

"नको म्हणून राहिलो ना."

"अजी, पण काहून?"

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "प्रयाग रडलीच नाही तर?"

 मी मरणाला भीत होते, आणि हा माणूस भलत्यालाच भीत होता. पण कुंकू माझं होतं, तेव्हा ठरवायचं ते मीच ठरवलं. बंडीवाला नत्थूजी मीठ आणि घासलेट घेऊन दर आठवड्याला हिंगण्याच्या बाजाराला जायचा. मी त्याला बोलावून सगळं समजावून सांगितलं.

नत्थूजीनं असलं काम कधी केलं नव्हतं. दुकानाच्या फळीवर बसून तो घोकायला लागला, आणि समोर मेलेला माणूस जिरं जोखत होता.

"वामनराव मेले हो! काल सकाळी अंगणात मिरच्या हालवता हालवता..."

"मेले नको, गेले म्हण," वामनराव म्हणाले. "आन मिरच्या काढ त्याच्यातून. मथळा आखूड पाहिजे. 'वामनराव गेले.' बस. पुढचं त्यायले विचारू दे."

हे त्यांनी नेहमीच्याच गंभीर तोंडानं सांगितलं. पण जिरं पारड्यात पडत होतं ते पडतच राहिलं, पारडं भरून खाली सांडलं तरी.

नत्थूजी दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. बैलही न सोडता तो सरळ दुकानात शिरला.

"सांगतलं?" मी विचारलं.

"सांगतलं."

"रडली?"

नत्थूजी फळीवर बसला. "रूपराव रडले," तो म्हणाला.

"कोण?"

"रूपराव, बाई. अंगणात दोर वळून राहिले होते. ऐकलं तसा दोर फेकला आन जे रडले, जे रडले! कपाळ बडवून घेतलं. 'माह्या मनातला राग कवाच गेला होता गा, शपथेनं अडकून पडलो' म्हणे. मले पाहवलं नाही, म्हणून लवकर सांगून टाकलं का हे खोटं आहे, कावळ्याचं आहे. तसे असे भडकले का पाण्याचा तांब्या माह्या हातातून काढून घेतला."

"आन प्रयाग?" वामनरावांनी विचारलं.

"ते जात्यावर होती. मी सांगतलं तसं तिनं जातं थांबवलं. माह्याकडे पाह्यलं. 'बरं' म्हणे. आन पुन्हा दळायले लागली."

"आन खोटं आहे म्हटल्यावर?"

"तवाबी 'बरं'च म्हणे."

वामनराव उठून मागच्या अंगणात गेले. मी भटजींकडे गेले. बहिणीच्या नवऱ्याची आसवं बहिणीच्या खात्यात धरतात का, असं विचारलं. ते म्हणाले, पंचांग पाहून सांगतो. शिधा ठेवून घेतला, पंचांग काही उघडलं नाही. इकडे वामनरावांचं जेवण सुटलं. पुडीवर मथळा आला तरी हात थांबेना. गिऱ्हाईकच वाचून विचारायचं, "पुढं काय झालं?" "काही नाही झालं," हे म्हणायचे आणि दोरा गुंडाळायचे. दुकानातून माणसं लवकर उठायला लागली आणि माझी चूल वेळेवर पेटायला लागली. मला ते बघवेना. कावळ्यानं जे केलं नाही ते त्या एका 'बरं'नं होणार, अशी धास्ती मी घेतली.

दिवाळी तोंडावर आली होती. एका सकाळी दुकानासमोर दोन बैलांची दमणी येऊन थांबली. कासरा रूपरावच्या हातात, आणि मागून प्रयागबाई उतरली. केस इतके पांढरे झाले होते की मला ओळखायला जरा वेळ लागला. रूपराव उतरला नाही. त्यानं तोंड तलावाकडे करून ठेवलं. शपथ उंबऱ्याची होती, आणि प्रयागबाई उंबऱ्याकडे आलीच नाही. गिऱ्हाइकं बसतात तशी ती दुकानाच्या फळीवर बसली.

"वयनी, पाणी नको," ती मला म्हणाली आणि भावाकडे वळली. "दादा, नत्थूजीनं मले मथळा सांगतला. 'वामनराव गेले.' पुढचं तुह्या तोंडून ऐकायले आली. सांग. मंग पुढं काय झालं?"

मला वाटलं, आता हे हात जोडतील. पण वामनरावांनी समोरचा रद्दीचा कागद ओढला आणि जन्मभराच्या सवयीनं, त्याच सुतकी आवाजात सुरुवात केली.

"पुढं काय. दुकान बंद राहिलं. लोकायची डाळ दुसऱ्या दुकानात घडीभरात मिळाली, आन उरलेल्या दिवसाचं काय करावं ते त्यायले समजेना. ते घरी जाऊन बायकायच्या कामात लुडबुड करायले लागले. बायका माह्या नावानं रडल्या. तुह्या वयनीची चूल वेळेवर पेटली, तिले भांडायले कारण उरलं नाही, तर तिची वाचाच बसली."

ऐकून मला राग आला आणि हसूही आलं. प्रयागबाई हसली नाही.

"मंग?"

"मंग दहावा आला. घाटावर पिंड मांडले. कावळे बसले होते भरपूर, एक तर माह्या ओळखीचाच होता. पण एकही खाली येईना. काही इच्छा राहिली म्हणून सारे वचन द्यायले लागले. नत्थूजी म्हणे, दुकान चालू ठेवू. कावळा येईना. कोणी म्हणे, पुड्या मथळ्याच्याच कागदात बांधू. येईना. भटजी म्हणे, मी माही दक्षिणा सोडतो. कावळे हसले, पण आले नाही."

"मंग?"

"ऊन चढलं. पिंडाचा भात वाळून गेला. तवा कोणीतरी म्हणे, हिंगण्याले सांगावा धाडा..."

इथे ते थांबले. हातातल्या कागदाची कड दुमडत राहिले.

"मंग पुढं काय झालं, दादा?"

"पुढचं मले येत नाही, प्रयागे."

आमच्या सगळ्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"मी सांगते," प्रयागबाई म्हणाली. तिचा आवाजही भावासारखाच होता, तितकाच संथ. "सांगावा गेला, पण बहीण आली नाही. तिले रडूच आलं नाही. काहून का तिचा भाऊ तवा मेलाच नव्हता, तो कवाचाच मेला होता. तो माफी मागाले आला, तवा ते दाराआड उभी होती. बाहेर आली असती तर त्याच्यासंगच निघून आली असती, म्हणून नाही आली. मंग भाऊबीज आली. ज्या बाईले भाऊ नाही ते काय करते? चंद्राले ओवाळते. ते दर साली अंगणात ताट घेऊन उभी राहे आन चंद्राले ओवाळे. एक शेजारीण नवी आली होती. विचारे, 'काहून वं, तुले भाऊ नाही?' ते म्हणे, 'नाही.'"

तिनं मान वर करून भावाकडे पाहिलं. "जे रडायचं ते त्या अंगणात रडून झालं, दादा. तुह्या कावळ्यासाठी आता कुठून आणू?"

वामनराव रडले. भर दुकानात, वाटेवरची माणसं पाहत असताना, रद्दीच्या कागदावर डोकं टेकून रडले.

"अजी, तुम्ही नाही, त्यायनं रडायचं आहे," मी म्हणाले. म्हणाले आणि माझ्याच डोळ्यांना धार लागली.  प्रयागबाईनं हात पुढे करून भावाच्या डोक्यावर ठेवला, जिथे कावळा बसला होता तिथेच. आणि तिचा बांध फुटला. जात्यापाशी अडवून ठेवलेलं सगळं तिनं त्या फळीवर बसून मोकळं केलं.

दमणीतून रूपराव तलावाकडे तोंड ठेवूनच ओरडला, "अवं, पण मंग कावळा आला का नाही? ते तं सांगा!"

"आला!" प्रयागबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली. "भाऊबीजेले येते म्हटलं बहिणीनं, तवा आला!"

त्या साली पाट दुकानात मांडला, गुळाच्या भेल्यांशेजारी. रूपरावची शपथ त्यामुळे मोडली नाही, आणि पुढची प्रत्येक भाऊबीज दुकानातच झाली. ओवाळणं आटोपलं की रूपराव वामनरावांना आपली केस पहिल्या तारखेपासून सांगायचा. ती केस वामनराव शेवटपर्यंत ऐकायचे, एकही जांभई न देता. ती त्यांची शिक्षा होती आणि त्यांनी ती पुरी भोगली.

मग लढाई आली. कागद महाग झाला, रद्दी मिळेना, आणि जे तुकडे मिळायचे त्यांवरचे मथळे असे असायचे की वामनराव ते उलटे करून आतल्या बाजूला घालायचे. "याच्या पुढचं मी नाही सांगत," म्हणायचे. त्याच सुमाराला ते गेले. या खेपेला नत्थूजीला काही घोकावं लागलं नाही. प्रयागबाई रस्त्यापासून रडत आली आणि बातमी खरी की खोटी असं तिनं कोणाला विचारलंही नाही. त्या दिवशी ती उंबऱ्यापाशी अडखळून थांबली, तेव्हा रूपरावनंच तिला हाताला धरून आत आणलं.

दहाव्याला पुरुषमाणसं घाटावर गेली. रूपरावनं वाटभर वचनं जुळवून ठेवली होती. दुकान सांभाळीन, वयनीला अंतर देणार नाही, आणि सगळ्यात शेवटी, अगदीच वेळ आली तर, बिबट्याची गोष्ट मी स्वतः भर बाजारात सांगेन. एकाचीही गरज पडली नाही. पान खाली टेकतं न टेकतं तोच कावळा आला.

घरी येऊन रूपराव हे सांगत होता आणि जमलेले सगळे म्हणत होते, भाग्याचा माणूस, मागे काही राहिलं नाही त्याचं. प्रयागबाई डोळे पुसत मान हलवत होती. मी उठून आत गेले. चूल पेटलेली होती, अगदी वेळेवर. मला फार राग आला. इतकी कसली घाई होती? माझ्यासाठी एखादी गोष्ट मागे ठेवायला काय झालं होतं? निदान भात वाळेपर्यंत तरी थांबायचं.